रेणुकाची दुरुस्ती

कलम १.
"रेणुका अम्मा की बात बिल में आ गई," आमदार यादगिरी माईकमध्ये म्हणाले, आणि हैदराबादेतल्या अंबरपेठच्या मराठी शाळेचं अंगण एकदम उठून उभं राहिलं.

अधिवेशनाचा आठवडा संपला की शनिवारी यादगिरी मतदारसंघात येत. आत काय चाललंय, कोणते कायदे येऊ घातलेत, ते आपल्या दखनीत समजावून सांगत. आज त्यांनी नाल्याची भिंत सांगितली, पाण्याची लाइन सांगितली. कोणी ऐकलं नाही. सगळे शाळेसाठी आले होते.

कलम २.
मुलं कमी असतील ती शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळायची, असं ते विधेयक. अंबरपेठच्या या शाळेत मुलं थोडीच. सचिवालयात तिला 'खाली इस्कूल' म्हणत. रिकामी.

महिन्यापूर्वीच्या सभेत रेणुका उठली होती. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, आवाज फलाटावरचा. स्वतः इंग्रजीत शिकलेली, पण मुलीला, स्वप्नाला, हट्टानं इथे घातलेलं. "पोरं मोजू नका, अन्ना. भाषा जिती आहे का ते बघा. मराठीत लिहून देतो आम्ही. एकेक जण, आपापल्या हातानं. दुसऱ्याच्या हातचं चालवूच नका."

यादगिरींनी तेच दुरुस्ती म्हणून मांडलं: वस्तीनं आपल्या हातानं, आपल्या भाषेत लिहून मागितली, तर ती शाळा मिसळायची नाही. सोमवारी त्यावर मतदान. त्याआधी वस्तीनं लिहिलेले कागद ते सभागृहात दाखवणार होते.

कलम ३.
वगळलं आहे. त्यात नुसत्या टाळ्या होत्या.

कलम ४.
कागद वाटले गेले. ऑफिसच्या खिशांतून पेनं निघाली. कोणी गुडघ्यावर, कोणी पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवला. रेणुकाचा भाऊ विकी मोटरसायकलच्या टाकीवर लिहीत होता. पाठ देणारा माणूस "गुदगुल्या होतात रे" म्हणत होता, तरी हलत नव्हता. सगळ्यांत आधी रेणुकाचं झालं. तिनं कागद वर धरून नाचवला आणि यादगिरींच्या हातात दिला. त्यावर बाकीचे पडत गेले.

यादगिरींनी गठ्ठा सरळ केला. एक कागद पाहिला. दुसरा पाहिला. चष्मा पुसला.

"ये मराठी है?"

"मराठीच आहे," विकी म्हणाला. "वाचू? 'आमची शाळा आम्हाला पाहिजे.'"

"अक्षरां तो अंग्रेजी के हैं रे."

"व्हॉट्सॲपवर असंच लिहितो ना, अन्ना."

मागे कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. यादगिरी गठ्ठा चाळत राहिले. इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अक्षरं, मधेच दोन कागद तेलुगू.

"मिनिस्टर येच कागज उठा के बोलेंगे," ते म्हणाले. "इनकू अंग्रेजी इस्कूल दे दो. झगड़ाच खतम."

कलम ५, पोटकलम बाप.
"हिंदी शिकलो होतो की शाळेत," कोणी म्हणालं. "तीच अक्षरं."

"दहावीनंतर पेनानं लिहिलीस कधी?"

त्यानं लिहून पाहिलं. 'श'पाशी अडला.

रेणुका वडिलांकडे वळली. तातेराव नांदेडकडे मराठीत शिकलेले. कोठी भागातल्या एका दवाखान्यात नोकरी करून आता घरी होते. अक्षर छापल्यासारखं.

"बाबा, तुम्ही लिहा ना सगळ्यांचं."

"लिहिलं असतं. पण दुसऱ्याच्या हातचं चालवू नका, हे कायद्यात कोणी घातलं?"

सगळी सभा रेणुकाकडे बघत होती. ज्या वाक्यावर महिनाभर वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं, त्याच वाक्यानं तिची शाळा जाणार होती.

"तुम्हीच घातलंत मला इंग्लिश मीडियममध्ये," ती म्हणाली.

"हौ, घातलं." तातेराव काठी टेकत उठले. "आता काढतो. चल, बस पहिलीत."

कलम ६ (ऐनवेळी घातलेलं, चर्चेविना मंजूर).
शाळेच्या दिगंबर गुरुजींनी वर्गाचं कुलूप काढलं. ट्यूबलाइट दोनदा फडफडली आणि लागली. रेणुका मुलीच्या बाकात शिरली. गुडघे मावेनात, तेव्हा तिरकी बसली. मागे विकी. त्याच्या मागे इस्त्रीच्या शर्टातले बँकवाले काका, त्यांच्या शेजारी त्यांची बायको, तिच्या मांडीवर पर्स, पर्सवर पाटी. बाक संपले. शेजारच्या खोलीतले ओढून आणले. तेही संपले. खिडकीत पोरी चढून बसल्या.

"आज आपलं नाव," गुरुजी म्हणाले. "उद्या रविवार, उद्या अख्खा कागद."

"आई, रेघ आधी नाही मारायची," स्वप्ना आईच्या कानाशी म्हणाली. "अक्षर आधी. रेघ मग."

रेणुकानं पुसलं. पुन्हा लिहिलं. र. त्याला मात्रा. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती हसत होती. "बाबा, आला बघा 'रे'."

"ण बाकी आहे," दारातून तातेराव म्हणाले. "नाचू नको."

मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, "गुरुजी, विकी माझं बघून लिहितोय." वर्ग हशानं फुटला. डस्टर आपटलं गेलं. वर्ग पुन्हा फुटला.

यादगिरी आत यायला निघाले तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सचिवालयातून होता. मिसळायच्या शाळांच्या सोमवारच्या यादीसाठी शेवटची विचारणा. अंबरपेठची ती खाली इस्कूल, नाव घालायचं ना?

यादगिरींनी दारातून एक पाय आत टाकायचा प्रयत्न केला. मग काढून घेतला.

"कौन बोला खाली?" ते पायरीवरून म्हणाले. "मैं खुद बाहर खड़ा हूँ. अंदर जगा नै."