पाट्याची खालची बाजू

आर्नो दुबार्बिएने पाट्यावरचं काचेचं झाकण उचललं आणि जमलेल्या पाहुण्यांना घराण्याची गोष्ट सांगायला घेतली. चॉकलेटच्या दुकानाला त्या दिवशी अडीचशे वर्षं पूर्ण होत होती. महापौर आले होते, वर्तमानपत्राच्या बाई वही उघडून बसल्या होत्या.

गोष्ट फ्रान्समधल्या या बायोन गावात सगळ्यांना पाठ आहे. मूळ पुरुष प्येर स्पेनमधल्या एका मठात चॉकलेट करायला शिकला आणि कोको वाटायचा हा दगडी पाटा खेचरावर लादून डोंगरापलीकडून घेऊन आला. आर्नोच्या आजोबांच्या तोंडी एकच खेचर असे. वडिलांनी त्याची दोन केली. आर्नोने त्यात बर्फाचं वादळ घातलं होतं, आणि ते चांगलं रंगायचं.

टाळ्या थांबल्यावर मादाम सिल्वेरा पुढे आल्या. वय ऐंशीच्या पुढे, जुन्या शाळामास्तरीण, राहायला नदीपलीकडे. पोर्तुगालहून जीव घेऊन पळालेले ज्यू तिथेच वसले आणि चॉकलेट करायला या गावाला त्यांनीच शिकवलं. गावाने कला शिकून घेतली आणि मग त्यांनाच गावात चॉकलेट विकायला बंदी केली. हेही बायोनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त समारंभात कुणी विषय काढत नाही.

मादाम सिल्वेरांनी हळू आवाजात सांगितलं, की बंदीच्या वेळी त्यांच्या घरचा पाटा उचलून नेला होता. तो दुबार्बिएंकडे गेला, असं घरातली माणसं म्हणत आली. पाट्याच्या खाली त्यांच्या पूर्वजाचं नाव हिब्रूत कोरलेलं होतं.

"राग मानू नका, मस्यू दुबार्बिए. याच्या खाली काही आहे का हो?"

ती अक्षरं आर्नोला वाचता येत नव्हती, पण डोळे मिटले तरी दिसायची. दुकान हाती देताना वडिलांनी दार लावून घेतलं होतं आणि दोघांनी मिळून पाटा उलटा केला होता. "पाहिलंस ना? आता विसर," एवढंच ते बोलले होते.

आताही दोनच माणसं लागली असती. पण महापौर बघत होते. तबक घेऊन उभी असलेली त्याची मुलगी क्लेमाँस बघत होती, आणि पुढच्या वर्षी दुकान तिच्याकडे जायचं होतं. आर्नोचे कान तापले.

"नाही, मादाम. खाली नुसता दगड आहे."

 बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी त्याची माफी मागितली. म्हणाल्या, आई आम्हाला या दुकानावरून जाऊही द्यायची नाही, पलीकडच्या बाजूने न्यायची. तुमचं चॉकलेट कधी घरात आलं नाही, आई घरीच करायची.

"पिढ्यान्‌पिढ्या उगाच तुम्हाला बोल लावला आम्ही."

बाई चारचौघांत तोंडावर थुंकल्या असत्या तरी बरं, असं आर्नोला वाटलं. लाजेने त्याची मान वर होईना.

क्लेमाँसने तबक पुढे केलं. बाईंनी एक तुकडा उचलला, या दुकानातला आयुष्यातला पहिलाच, आणि सावकाश तोंडात विरघळू दिला.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्या आईच्या हातचं."

आर्नोने त्यांचे आभार मानले.