फिर्याद

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते. एकनाथराव या पोलीस जमादाराचं नाव मुंबई राज्याकडे जाणाऱ्या नोकरांच्या यादीत लागलं, आणि मेला आता कायमचा निसटला म्हणून तारामतीनं कडाकडा बोटं मोडली. त्यानं कोठडीत तिच्या लेकाचा जीव घेतला होता. पुढे एकनाथराव ख्रिस्ती झाल्याचं कळलं, तेव्हा 'ढोंगी!' म्हणत ती थुंकली होती.

तोच आज हैदराबादेत, अंबरपेठेतल्या तिच्या दारात उभा राहिला.

"माफी मागायला आलास? चालता हो!"

"माफी नको, बाई. मुंबईला जात नाही, असं लिहून दिलंय. ही माझ्यावरची खुनाची फिर्याद, मीच लिहिलीय. तुमचा अंगठा हवा."

तिनं शेजारच्या मास्तरांकडून कागद दोनदा वाचून घेतला. मग शाईत बुडवून अंगठा कचकचून दाबला.

"आता झालास ख्रिस्ती," ती म्हणाली.