काकांचे ठोके

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काकांचा व्यायाम सुरू झाला आणि काकूंचा जीव टांगणीला लागला. संसर्ग नको म्हणून व्यायामकेंद्रात ट्रेडमिलवरही मास्क सक्तीचा होता.

"आधीच हृदय नाजूक, त्यात नाकातोंडावर फडकं! चालून झाल्यावर ठोके खाली येणार तरी कसे?" काकूंनी फिजिओथेरपिस्ट मुलीला धारेवर धरलं.

"मग आज एक दिवस मास्कशिवाय बघू," मुलगी म्हणाली.

काका चालले, दमून खुर्चीत बसले, पण ठोके काही केल्या उतरेनात. काल मास्क असताना तर लगेच उतरले होते! काकू डॉक्टरांना बोलवायला उठल्या.

"घाबरू नका, काकू," मुलगी हसू दाबत म्हणाली. "मास्कमधून बोललेलं कुणाला कळत नाही, म्हणून काका निमूट बसतात. आज बसल्यापासून पंखा, खुर्ची, सरकार, सगळ्यांचा समाचार घेताहेत."

काका काही बोलायच्या आत काकूंनी त्यांच्या कानांना मास्क अडकवला.

"पाच मिनिटं गप्प बसा. मग घरी जाऊन हवं तेवढं बोला. तुम्ही इस्पितळात होतात, तेव्हा घर नुसतं खायला उठायचं."