खडकावरचा डाव

रझाकारी सरली, लग्नं झाली, कळप वेगळे पडले, तशी भुजंग आणि येडबा या लहानपणच्या जोडीदारांची गाठच पडेना. उरला तो ओढ्याकाठच्या खडकावर कोरलेला वाघ-बकरीचा पट. येडबानं सकाळी मेंढरं नेताना वाघाचा खडा सरकवायचा, भुजंगानं दिवस कलताना बकरीचा.

"येडबा भावजी भेटले का?" भुजंगाची बायको म्हाळसाबाई भाकर वाढताना विचारायची.

"भेटला की," भुजंग म्हणायचा.

एका संध्याकाळी वाघ कोंडून खेळ संपायला एकच चाल उरली. डाव भुजंगाचाच होता. तो लय वेळ उकिडवा बसला, मग वाघाची वाट मोकळी करून त्यानं बकरी त्याच्या तोंडाशी सोडली.

 

दुसऱ्या दिवशी बकरी शाबूत होती. वाघच तिला टाळून बाजूला सरला होता.