रंध्याखालचे शब्द

सुताराने फळीवर पेन्सिलीने नवा इंग्रजी शब्द लिहिला, सात-आठदा पुटपुटला आणि पाठ झाल्यावर त्यावर रंधा फिरवला.

"मिस्त्री, लाकूड शिकतंय की तुम्ही?" पॉलिशवाल्याने दात काढले. "या वयात साहेब व्हायचंय वाटतं!"

"तू तुझं पॉलिश मार."

खरं कारण सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. त्याची बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. चार महिने झाले, दर पंधरवड्याला ती त्याला इस्पितळात घेऊन जायची. "माझी तपासणी आहे, सोबत चला," एवढंच सांगायची. डॉक्टर दोघांचंही रक्त घ्यायचे. जोडीदाराचंही बघावं लागतं, म्हणायचे. मग डॉक्टर आणि ती इंग्रजीत बोलायची आणि हा मध्ये ठोंब्यासारखा बसायचा.

"काय म्हणाले?"

"काही नाही हो. जरा अशक्तपणा आहे."

म्हणे जरा अशक्तपणा! तिच्या ताटातलं अन्न ताटातच राहायचं. न्हाणीघरात नळ सोडून ती रडायची, ते काय त्याला ऐकू येत नव्हतं? तीस वर्षांच्या संसारात साधं डोकं दुखलं तरी सांगणारी बाई, आणि नेमकं हेच लपवत होती. त्याला रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

म्हणून रोज दहा शब्द. रक्त, यकृत, गाठ, उपचार, मुदत. हल्ली दोन फळ्या रंधल्या की धाप लागायची, पॅन्ट कमरेवर ठरत नव्हती. काळजी माणसाला पोखरते, दुसरं काय! पण शब्द चुकवला नाही. एकदा कळलं की तिचा हात धरून म्हणायचं होतं, "मला सगळं माहीत आहे. आता एकटीने सोसू नकोस."

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तो नेहमीसारखा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसला. कान मात्र टवकारलेले.

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि इंग्रजीत सुरुवात केली. आज पहिल्यांदाच एकही शब्द निसटला नाही.

"बाई, तुम्ही हट्टाने करून घेतलेली तुमची तपासणी अगदी चांगली आली आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. आत्ताच्या आत्ता उठून डॉक्टरांचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. बायको मात्र मान खाली घालून बसली होती.

"पण आता हे नाटक पुरे," डॉक्टर त्याच इंग्रजीत, त्याच्याकडे न बघता म्हणाले. "तुमच्या नवऱ्याकडे जेमतेम दोन महिने उरले आहेत. निदान आज तरी त्यांना सांगा."