लेंडीखतात मुरवलेली शिवराई

आमच्या सोलापुरात वेणीमाधव मास्तरांना जुन्या नाण्यांचा लई नाद. भिंगातनं बघायचं, फरशीवर वाजवायचं, मग पुडीवर लिहायचं: 'उत्तम', 'बरं', 'झिजकं'.

"सिदू, मला खोटं नाणं खपवलंस तर मिशी काढीन," म्हणाले.

मी गिरणीतला फिटर, सोडतोय व्हय! तांबं ठोकून शिवराई केली. कोरताना छिन्नी सरकली, 'श्री'वर चरा उठला. म्हटलं, झकास! महिनाभर लेंडीखतात पुरली.

मास्तरांनी भिंग लावलं. "कुठं मिळाली?"

"मंद्रूपच्या बाजारात, धनगराकडं."

"हिची जोडी आहे की माझ्याकडे!" त्यांनी आजोबांची पुडी उघडली. आजोबा वारून पन्नास वर्सं झालेली. आतली शिवराई पार झिजलेली, पन 'श्री'वर तोच चरा.

मी दोन्ही चरे नखानं चाचपले. "मास्तर, मिशी काढा. ही माज्या हातची हाय."

"मग हे कुणाच्या हातचं?" मास्तरांनी पुडीतलं दुसरं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "यावर बोकड का, तेच कळत नाही."

बोकडाला मास्तरांची मिशी होती. पैज जिंकल्यावर उद्या कोरायचा म्हणून मी मनातच ठरवलेला बोकड.