खिडकीखालची पायरी

"मोठी माणसं मागे आणि ही बया पुढे! पायरी ओळखून राहावं माणसानं," पडक्या चर्चच्या फाटकातच सासूबाई कडाडल्या.

सून बाजूला झाली. "चुकलं, आई."

हे 'चुकलं, आई' सासूबाईंच्या डोक्यात जायचं. ओठात एक आणि पोटात एक, अशी ही पोर.

आत छप्पर कधीच कोसळलेलं. बाकांच्या जागी गुडघाभर गवत, वेदीवर कबुतरांची घाण. मुलानं भिंतीच्या सावलीत सतरंजी अंथरली, डबे मांडले. महिनाअखेरीस तो बायकोला घेऊन वेगळा होणार होता. खोलीसुद्धा बघून झाली होती. नवऱ्यामागे हाडाची काडं करून वाढवलेला एकुलता एक पोरगा, बापाचंच सुतारकाम हातात आलेला, आणि काल आलेली ही त्याला उचलून नेणार! सासूबाईंना घास गोड लागेना.

सहलीची टूम त्यांचीच. मुलगा एका शब्दात तयार झाला, याचंच नवल. हल्ली तो सुट्टीलाही करवत घेऊन बाहेर पडायचा आणि केसांत भुसा घेऊन यायचा. कुठे होतास विचारलं, तर "काम होतं" एवढंच.

"मनोऱ्यावरून काय दिसतं म्हणून सांगू!" हात धुता धुता सासूबाई सुनेला म्हणाल्या. "माझे वडील इथली घंटा वाजवायचे. चल, दाखवते."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डबे आवरत होता.

"जा की," मान वर न करता तो म्हणाला.

मनोऱ्यातला लाकडी जिना अंधारात उभा चढत गेला होता. खिडकीखालची पायरी किडलेली आहे, हे सासूबाईंना लहानपणापासून ठाऊक. मुलगा चिमुरडा असताना त्याला कडेवर घेऊन त्यांनी ती ओलांडली होती. "हिच्यावर कधी पाय द्यायचा नाही हं, राजा," असं बजावलंही होतं. तो ते केव्हाच विसरला असणार. सुनेला तर गंधही नाही. खाली दगडी फरशी. एकदा तिचा पाय पडला, की पोरगा जातोय कुठे?

"हो पुढे," सासूबाई आवाजात साखर घोळवून म्हणाल्या.

"तुमच्या पुढे कशी जाऊ, आई? मघाशीच बोललात ना."

सासूबाई चरफडल्या. स्वतःचीच शिकवण अंगाशी आली होती. पण बिघडलं काय? आपण पायरी ओलांडायची. मागून येणारी बरोबर तिथेच पाय देईल.

त्या कठड्याला धरून चढू लागल्या. मागे सुनेच्या चपला वाजत होत्या. खिडकी आली तशा त्या वाजायच्या थांबल्या.

"दमलीस एवढ्यात?" सासूबाई हसल्या. त्यांनी पाय उंच उचलला, किडकी पायरी ओलांडली आणि सगळा भार वरच्या पायरीवर टाकला.

काडकन आवाज झाला. नाकात ताज्या भुशाचा वास शिरला. पायांखाली काहीच उरलं नाही, हातात होता तो फक्त डुगडुगणारा कठडा.

"बाळा!" त्या किंचाळल्या. "अरे, धाव रे!"

खालून सुनेचा तोच मऊ आवाज आला. "चुकलं, आई. वरची पायरी ह्यांनीच कापलीय."